ओढा कोण प्यायलं?

पावसाळा तोंडावर आला की गावाकडून तोच निरोप येतो: डोंगर हिरवा करा, ओढा बारमाही होईल. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा भांडण झालं ते रोपं जगली किती यावर. जगलेली झाडं पाणी किती पिणार, हे कुणी विचारलंच नाही.

इथे दक्षिण आफ्रिकेत १९३५ पासून हेच मोजतात. मोकोबुलान या प्रयोगक्षेत्राच्या गवताळ पाणलोटात निलगिरी लावली. तिसऱ्या वर्षी प्रवाह घटला, नवव्या वर्षी ओढा ठणठणीत कोरडा. सोळाव्या वर्षी झाडं तोडली, तरी पाणी पूर्ववत व्हायला आणखी पाच वर्षं गेली. मुळांनी खोलवरची ओलसुद्धा उपसली होती, पाऊस आधी ती भरण्यात खपला. आणि तिथला पाऊस सुमारे ११५० मिलिमीटर! १९७२ पासून इथे झाडांच्या व्यापारी लागवडीला परवाना लागतो. १९९८ च्या कायद्याने तर तिला प्रवाह घटवणारी कृतीच ठरवलं. आपल्याकडे असं नुसतं म्हणा, लगेच झाडांचे शत्रू ठरता.

हिशेब साधा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर. २० हेक्टर माळावरच्या झाडांनी वर्षाला ५० मिलिमीटर जास्त ओढलं, तर एक कोटी लिटर गेलं.

उघड्या, पपडी धरलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी, हे मान्य. तिथे गवत आणि विरळ झाडं आली की पाणी मुरतं. पण जास्तीचं मुरलेलं पाणी झाडांच्या पिण्याहून अधिक असेल, तरच उन्हाळी पाझर वाढतो. पवना-मारवेल गवताचं माळरान 'पडीक' म्हणायचं, चर खणायचे आणि दाट ग्लिरिसिडिया लावायचा, यात ते गणित बसत नाही.

लावायचंच असेल तर आधी ओढ्यावर व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायचा V आकाराच्या खाचेचा बांध, बसवा आणि दोन-तीन वर्षं नोंदी ठेवा. पाण्याची उंची मोजायची पट्टी खाचेवर नको, वरच्या बाजूला थोडी लांब लावा; खाचेजवळ पाणी खाली वाकतं आणि उंची कमी भरते. मागचा गाळ काढत राहा. शेजारचा, लागवड नसलेला ओढाही मोजा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय झाडं घेऊन जातात.

इथे निलगिरी नि वॉटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) तोडण्याच्या बाजूने मी तावातावाने बोलतो. बाहेरून आलेली झाडं इथलं पाणी पितात, असं. समोरचे सौजन्याने ऐकून घेतात. मी कुठून आलो, हे अजून कुणी विचारलेलं नाही.