रिव्ह्यूला उत्तर: ऑगस्टमधली जवाईची बिबट्या सफारी

नमस्कार ताई, तुमचा दोन स्टारवाला रिव्ह्यू वाचला. राजस्थानातल्या जवाईच्या खडकाळ टेकड्यांत चार सफाऱ्या केल्या आणि बिबट्या एकदाच दिसला, तोसुद्धा लांबून, दगडाआड जाणारी शेपटी तेवढी, आणि आमच्या पेजवर मात्र 'बाराही महिने सायटिंग' लिहिलेलं. हे मान्यच करतो, ते वाक्य चुकीचं होतं. जवाई बाराही महिने चालू असतं एवढंच खरं, ताडोबाच्या कोअरसारखं (आतल्या मुख्य जंगलासारखं) ते १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद होत नाही, पण गाडी जाते म्हणून बिबट्या दिसतोच असं नाही ना. पावसात सगळ्या टेकड्या हिरव्या होतात, झुडपं वाढतात आणि ओल्या खडकावर तो कशाला येऊन बसेल.

तुम्हाला १५ ऑगस्टची सुट्टी जोडून हवी होती. आमचा माणूस म्हणतो फोनवर सांगितलं होतं चान्स कमी आहे म्हणून, तुम्हाला तसं आठवत नाही. वाद नको, लेखी दिलं नव्हतं म्हणजे सांगितलं नाही असंच आम्ही धरतो.

एक गोष्ट मात्र पटली नाही. तुम्ही लिहिलंय 'उन्हाळ्यात न्यायला पाहिजे होतं, पाणवठ्यावर सगळे येतात'. अहो ते वाघाचं गणित झालं, वाघ उन्हाळ्यात पाण्यात जाऊन बसतो. बिबट्याला शिकारीतूनच बरंच पाणी मिळतं, तो रोज पाणवठ्यावर येईलच असं नाही, आणि जवाईत मे महिन्यात खडक असा तापतो की तो दिवसभर गुहेतच पडून राहतो आणि बाहेर येतो तोपर्यंत उजेड संपत आलेला असतो. हिवाळ्यात उलटं. रात्रभर गारठल्यावर सकाळी ऊन खायला तो उघड्या खडकावर येऊन बसतो, म्हणून जवाईसाठी आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांगतो. (तेव्हा एका टेकडीसमोर गाड्यांची रांग लागते आणि मग गर्दीचा रिव्ह्यू येतो, असो.)

पण हे सगळीकडे लागू नाही. कर्नाटकातल्या कबिनीला जायचं तर मार्च ते मे, कारण तिथे दाट जंगल आहे, ते वाळून विरळ झालं की आतलं दिसतं. श्रीलंकेतल्या यालाला फेब्रुवारी ते जुलै चांगलं, आणि 'अजून कोरडं असेल तेव्हा जाऊ' म्हणून सप्टेंबर धरला तर तिथला मुख्य ब्लॉक दुष्काळामुळे बरेचदा बंदच असतो.

गाइडने 'मोरापाशी अर्धा तास वाया घालवला' हेही वाचलं. मोर आणि माकडं बिबट्या दिसला की ओरडतात, गाइड त्या कॉलवरच थांबला होता, फक्त तुम्हाला सांगितलं नाही, तिथे चुकलं त्याचं. त्याच्याशी बोललोय.

पेजवरचं वाक्य काढलंय. जुलै ते सप्टेंबरच्या बुकिंगला आता 'सायटिंगची शक्यता कमी' असं लेखी जातं आणि त्यावर होकार आल्याशिवाय आम्ही ॲडव्हान्स घेत नाही. तुमच्या फॅमिलीला जानेवारीत दोन ड्राइव्ह आमच्याकडून, राहण्या-प्रवासाचं तेवढं तुम्ही बघा. बिबट्या दिसेलच असं तेव्हाही लिहून देणार नाही. आणि हातमोजे आणा, सकाळी उघड्या जिप्सीत बोटं इतकी गारठतात की कॅमेऱ्याचं बटण दाबता येत नाही.