एचआयव्ही ‘कुणी पाहिलाच नाही’, तर मग ही ९,७१९ अक्षरं कुणाची?

महिनाभरात एकच मेसेज मला पाच ठिकाणांहून आला. खानापूरच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, निपाणीकडचे पाहुणे, गावची भजनी मंडळी, सगळीकडून तोच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: एचआयव्ही नावाचा विषाणू आजवर कुणी वेगळा काढून दाखवलेला नाही. शास्त्रज्ञांना त्याचं नावसुद्धा ठरवता आलं नाही, तीनदा बदललं. पीसीआर ही डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत शोधणारा नोबेलविजेता स्वतःच सांगतो की एड्स या विषाणूमुळे होत नाही. हा विषाणू अमेरिकेनं प्रयोगशाळेत बनवला. आणि माणसं मरतात ती गोळ्यांनी, म्हणून गोळ्या सोडा.

असले मेसेज मी वाचून पुढं जातो. हा सोडता आला नाही, कारण आमच्या भागातल्या एक वहिनी फोन हातात धरून घरी आल्या. नवरा कामासाठी बाहेरगावी असायचा, तो गेला, आणि या गेली काही वर्षं रोजची गोळी घेतात. मेसेज वाचून त्यांनी गोळी बंद केली होती, त्याला एकोणीस दिवस झाले होते. म्हणाल्या, “सर, ह्यात लिवलंय विषाणूच नाही. मग मी रोज गिळतो ते कशाला ओ?” हायस्कुलात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्यांना जे सांगितलं तेच त्यांच्या परवानगीनं इथं लिहितो.

“कुणी वेगळा काढलेला नाही.” काढला आहे, १९८३ साली, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. गाठी सुजलेल्या एका रुग्णाच्या लसीका गाठीचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवल्या आणि ठरावीक दिवसांनी त्या पेशींभोवतीच्या द्रवात एक विकर (एन्झाइम) सापडतं का ते तपासलं. ते विकर म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. आपल्या पेशीत माहिती डीएनएवरून आरएनएवर उतरते. हे विकर उलटा प्रवास घडवतं, आरएनएवरून डीएनए लिहितं. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९७० मध्ये वेगवेगळं काम करून शोधलं होतं, त्याला १९७५ चं नोबेल मिळालं. उलटं लिहितात म्हणून या विषाणूंना रेट्रोव्हायरस म्हणतात. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी यांना ते विकर त्या द्रवात सापडलं, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणही दिसले. तो शोधनिबंध मे १९८३ मध्ये छापून आला. त्यांना आणि ल्यूक मॉन्टानिए यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

त्या कणाची रचना आज बारकाईनं माहीत आहे. व्यास साधारण १०० ते १२० नॅनोमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीवर असे शेकडो कण ओळीनं बसतील. बाहेरचं आवरण तो आपल्याच पेशीच्या पापुद्र्यातून घेऊन निघतो. त्यावर जीपी१२० आणि जीपी४१ या प्रथिनांचे मोजके खिळे असतात. आत एक शंकू. यात्रेत चिरमुरे-शेंगदाणे देतात त्या कागदाच्या पुडीसारखा, फक्त दोन्हीकडून बंद. पी२४ नावाच्या एकाच प्रथिनाच्या सुमारे दीड हजार प्रती एकमेकींत अडकून ही पुडी बनते. नव्या पिढीच्या रक्तचाचण्या प्रतिपिंडांबरोबर हे पी२४ सुद्धा शोधतात. पुडीत आरएनएच्या दोन प्रती आणि सोबत विकरं असतात: एक उलटं लिहिणारं, एक लिहिलेलं आपल्या डीएनएत शिवणारं, एक प्रथिनं कातरणारं.

माझ्याकडे या विषाणूच्या जनुकसंचाचं एक जुनं छापील बाड आहे. एका वर्षी दहावीच्या मुलांसाठी काढलं होतं. जगभर संदर्भ म्हणून वापरतात तो एचएक्सबी२ हा नमुना, ९,७१९ अक्षरं. वहीवर दाटीनं लिहिलं तर पाच-सहा पानांत मावतील. माणसाची जनुकपोथी तीन अब्ज अक्षरांची, आणि एवढ्याशा मजकुरात या विषाणूची नऊ जनुकं बसतात. गॅग, पोल आणि एन्व्ह ही तीन मोठी, सगळ्या रेट्रोव्हायरसांत असणारी. बाकीची सहा, टॅट, रेव्ह, नेफ, व्हिफ, व्हीपीआर आणि व्हीपीयू, छोटी पण कामाची. मुलांना मी एकच सांगितलं होतं, सुरुवात आणि शेवट ताडून बघा. मजकूर टी-जी-जी-ए-ए-जी-जी-जी-सी-टी असा सुरू होतो. पेन्सिल घेऊन बसलेल्या एका मुलीनं शेवटच्या पानावर पुन्हा तीच अक्षरं शोधून काढली. दोन्ही टोकांना सुमारे ६३४ अक्षरांचा तोच तुकडा, किरकोळ फरक सोडला तर सारखाच. कणातल्या मूळ आरएनएत तो दोन्हीकडे पूर्ण नसतो. तिथं लांबी सुमारे ९,२०० अक्षरांचीच असते. उलटं लिहिताना विकर साच्यावरून उड्या मारतं आणि दोन्ही टोकं पूर्ण करून टाकतं. डीएनए प्रत मूळ आरएनएपेक्षा लांब निघते ती त्यामुळं. रेट्रोव्हायरसच्या हातची ही सही आहे. नसलेल्या विषाणूला अशी सही करता येत नाही.

“तीनदा नाव बदललं.” बदललं, हे खरं आहे. पॅरिसनं एलएव्ही म्हटलं, अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांनी एचटीएलव्ही-३. तिसरं नाव एआरव्ही. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं एचआयव्ही हे एकच नाव ठरवलं. आमच्या शहराला आम्ही बेळगाव म्हणतो, इंग्रजांनी बेलगाम लिहिलं, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे. म्हणून किल्ल्याचा खंदक नाहीसा झाला का?

पण या नावामागं एक खरा शास्त्रीय वाद होता. गॅलो यांना हा विषाणू आपल्या आधीच्या शोधाचा भाऊबंद वाटला. एचटीएलव्ही-१ हा माणसात सापडलेला पहिला रेट्रोव्हायरस, १९८० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेनं जाहीर केलेला. तो रोगांशी लढणाऱ्या टी-पेशींना बेसुमार वाढवतो, काहींना त्यातून रक्ताचा कर्करोग होतो. नवा विषाणू मात्र त्याच पेशी संपवत होता. शंकूचा आकार वेगळा, जनुकांची मांडणी वेगळी. म्हणून एचटीएलव्ही डेल्टारेट्रोव्हायरस या प्रजातीत राहिला आणि एचआयव्ही लेंटीव्हायरसमध्ये गेला, मेंढ्यांच्या व्हिस्ना विषाणूच्या शेजारी. दोघांचं कुळ एकच, रेट्रोव्हिरिडी. लेंटी म्हणजे संथ. लागण झाल्यावर वर्षानुवर्षं माणूस धडधाकट दिसतो ते या संथपणामुळं, आणि ‘मला काही होत नाही, म्हणजे काही नाहीच’ हा गैरसमज इथूनच जन्मतो. एचआयव्हीचेही दोन प्रकार आहेत. एक चिंपांझींकडून माणसात आला, दुसरा पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबे या माकडाकडून. आपल्या देशात पहिल्या प्रकारातला सी उपप्रकार सर्वाधिक आढळतो.

नोबेलविजेत्याचा मुद्दा चटकन संपतो. कॅरी मलिस यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते पीसीआरसाठी, आणि एचआयव्हीबद्दल ते तसं बोलत हेही खरं. पण विषाणूंवर त्यांचं संशोधन नव्हतं. रक्तात विषाणू किती आहे हे आज मोजतात ते मात्र त्यांच्याच शोधातून निघालेल्या पद्धतीनं.

“अमेरिकेनं बनवला.” जो विषाणू नाहीच तो बनवला कसा, हे मेसेज लिहिणाऱ्यानं आधी ठरवावं. आफ्रिकेतल्या किन्शासात १९५९ मध्ये घेतलेल्या एका रक्तनमुन्यात हा विषाणू सापडला आहे. जनुकं कापून जोडण्याचं तंत्र १९७० नंतरचं, तेव्हा १९५९ मध्ये तो कुणी बनवणं शक्यच नव्हतं. ही अफवा मात्र बनवलेली आहे, आणि ती पहिल्यांदा छापली गेली आपल्याच देशात: जुलै १९८३, दिल्लीचं ‘पॅट्रियट’ दैनिक, एका निनावी अमेरिकन शास्त्रज्ञाचं म्हणून पत्र. तो सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा डाव होता. रशियाच्या गुप्तहेर खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी १९९२ मध्ये तशी कबुली दिली.

आता गोळ्या. या दाव्यात सत्याचा एक कण आहे, म्हणूनच तो पटतो. १९८७ मध्ये आलेलं पहिलं औषध एझेडटी सुरुवातीला फार मोठ्या मात्रेत आणि एकटंच दिलं जायचं. रक्त कमी व्हायचं, आणि काही काळानं औषध लागूही पडेनासं व्हायचं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र देऊ लागले आणि चित्र पालटलं. भारतात सरकारी केंद्रांतून हे औषध १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतं. वहिनींच्या डबीतल्या एका गोळीत तिन्ही आहेत. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही जणू खोटी अक्षरं. उलटं लिहिणारं विकर ती उचलून ओळीत बसवतं आणि ओळ तिथंच तुटते. डोल्युटेग्राव्हिर हे शिवणाऱ्या विकराचा हात धरतं. विषाणू नसता तर त्याच्याच विकरांवर बेतलेल्या गोळीनं रक्तातली त्याची मोजणी शून्याजवळ का आली असती?

मी बाड उघडून पोल जनुकात उलटं लिहिणाऱ्या विकराचा जो भाग आहे, त्यातली तीन अक्षरांची १८४ वी जागा दाखवली. तिथं ए-टी-जी आहे. त्यातलं पहिलं अक्षर बदलून जी-टी-जी झालं की लॅमिव्हुडिनचा जोर फार कमी होतो. एका अक्षराचा फेर. गोळी कधी घ्यायची, कधी सोडायची असं चाललं की असे फेर झालेले विषाणू टिकून राहतात. आणि पूर्ण बंद केली तर आपल्या पेशींच्या डीएनएत शिवलेली प्रत पुन्हा जागी होते. बरं वाटत असतानाही गोळी रोज घ्यायची ती या शिवणीमुळं. आजची औषधं ती शिवण उसवत नाहीत, पण तिला गप्प ठेवतात. विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

एड्स या विषाणूमुळे होत नाही, या मेसेजातल्या समजुतीपायीच दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं औषधं द्यायला उशीर केला. हार्वर्डच्या संशोधकांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात त्यापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसं गेली.

वहिनी बराच वेळ १८४ व्या जागेवर बोट ठेवून बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं केंद्रावर गेल्या, मधे गोळी तुटली होती हे तिथं न लपवता सांगितलं, तपासणीला रक्त दिलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. परतताना माझ्याकडून ते पान मागून घेतलं. फोटो काढून त्याच ग्रुपात टाकतो म्हणाल्या, आपलं नाव न घालता.