‘एवढं घासायची गरज काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बागेतल्या जुन्या बाकाला नवं रूप देण्याबद्दल मी जे लिहिलं त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, एवढी घासाघीस कशाला, धुऊन पुसून वर ऑइल पेंटचे दोन हात मारले की काम झालं, तुमच्या बाकाला तुम्ही तेच केलंय आणि तो अजून छान दिसतोय. दोन, व्हार्निशऐवजी तेल सांगून मी लोकांना दरवर्षीच्या कामाला जुंपतेय. तीन, असल्या जुन्या सामानामागे मेहनत करण्यापेक्षा सरळ नवीन आणावं. तिसऱ्यातलं बरंचसं मला पटतं, पण पहिल्या दोन्हीवर माझं मत बदललेलं नाही आणि का ते जरा सविस्तरच सांगते, कारण चांगलं सागाचं बाकडं नुसत्या घाईमुळे वाया गेलेलं बघितलं की खरंच जीव हळहळतो.

कुठेही पोपडे आलेली जुनी लाकडी खुर्ची दिसली तर तिचा एक पोपडा नखाने काढा आणि उलटा करून बघा. बऱ्याचदा मागच्या बाजूला बारीक करडी लव चिकटलेली दिसेल, ती लव म्हणजे लाकडाच्याच रेषा. म्हणजे तिथे रंगाने पकड सोडलेली नसते हो, लाकडाचा वरचा थरच सुटून आलेला असतो! उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे रेषांना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ, वरच्या पातळ थरात मोडत जातं, मग पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतात त्या सुट्ट्या करड्या रेषा. धुतल्याने धूळ आणि शेवाळ जातं, हा मेलेला थर जात नाही, उलट जोरदार पाण्याचा फवारा मारला तर रेषा आणखी उभ्या राहतात. म्हणून आधी ८० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक १२०, रेषांच्या दिशेने, खालचा मूळ रंग दिसेपर्यंत, आणि मग थांबायचं. तेल लावणार असाल तर त्याहून फार गुळगुळीत करूच नका, लाकूड तेल कमी पितं. (जुना रंग फार वर्षांपूर्वीचा असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, ओला करून घासा, मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा.)

आता व्हार्निश. त्याचा वर एक सलग पापुद्रा बनतो, आणि बाहेरचं लाकूड तर सतत फुगतं-आकसतं, मग तो पापुद्रा सगळ्यात आधी स्क्रूपाशी आणि सांध्यापाशी केसाएवढा तडकतो. तिथून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने खालीच पसरतं, पारदर्शक थराखाली काळे डाग दिसायला लागतात. मग नुसता वरून एक हात मारून भागत नाही, सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात. घरातल्या फर्निचरचं पॉलियुरेथेन व्हार्निश बाहेर वापरलं तर हे आणखी लवकर होतं कारण ते ऊन सोसायला बनवलेलंच नसतं. तेलाचं तसं नाही, ते हळूहळू झिजतं, पोपडे धरत नाही, त्यामुळे धुवा, वाळवा, हलकासा कागद फिरवा आणि परत एक हात द्या. दरवर्षीचं काम आहे हे खरंच, पण ते सोपं काम आहे. फक्त नुसतं जवसाचं तेल नको, त्यावर बुरशी छान पोसते, बाहेरच्या लाकडासाठीचं बुरशीरोधक तेल घ्या. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका!! वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

रंगाच्या मी विरोधात आहे असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं अजिबात नाही, उलट उन्हापासून लाकूड वाचवण्यात अपारदर्शक रंग सगळ्यात चांगला. माझं म्हणणं एवढंच की तो धडधाकट लाकडावर लावा, आणि सगळीकडून लावा.

‘सगळीकडून’ यात मुख्य म्हणजे पायांचे तळ. बहुतेक जण दिसणारा भाग चकाचक करतात आणि तळ तसेच कोरडे सोडतात, कारण रंगवताना बाक त्याच्यावरच उभा असतो. आणि नेमकं तिथेच लाकूड आडवं कापलेलं असतं, म्हणजे स्ट्रॉची जुडी पाण्यात उभी केल्यासारखं, ओल्या फरशीवरचं पाणी सरळ वर चढतं आणि पाय आतून कुजतो. बाक उलटा करा, तळाला तेल पाजत राहा, ते प्यायचं थांबेपर्यंत, किंवा पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा लेप) लावा आणि खाली प्लास्टिकची बटणं ठोका म्हणजे पाय जमिनीपासून जरा वर राहील. या एका गोष्टीने बाकाचं आयुष्य जेवढं वाढतं तेवढं कुठल्याच महागड्या डब्याने वाढत नाही असं माझं ठाम मत आहे.

लोखंडाचं थोडक्यात: गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरून रंग मारला तरी तो खालून उचलला जातो. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, प्राइमर मारा, मगच रंग. पोकळ पाइपच्या खुर्चीत पाणी आत साचतं, सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक ठेवा. आणि गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपवर थेट ऑइल पेंट नको, जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापुद्र्यासारखा निघतो, त्याचा प्राइमर वेगळा मिळतो.

नवीन आणण्याबद्दल म्हणाल तर उन्हाने पांढुरकी पडून ठिसूळ झालेली प्लास्टिकची खुर्ची खरंच काढून टाका, रंगाने तिची ताकद परत येत नाही आणि बसणारा पडू शकतो. लाकडी असेल तर पायात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, लोण्यासारखा आत गेला तर तो पाय संपला. पण टोचून घट्ट लागतंय, सांधे हलत नाहीयेत, तर ते बाकडं टाकू नका हो.

तुमचा बाक आत्ता छान दिसतोय तर तो उगाच खरवडू नका. एका कोपऱ्यात, जिथे ऊन जास्त लागतं तिथे, ब्लेडने लाकडापर्यंत एक फुली मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टी कोरी आली तर त्या फुलीवर रंगाचा एक हात मारा आणि बाकाला हात लावू नका, फक्त उलटा करून तळ तेवढे बघा. पट्टीबरोबर करड्या लवेसकट रंग आला तर पावसाच्या आधी ८० नंबरचा कागद आणा.