‘११ तास तोंड बंद ठेवायला लावलं’ या अभिप्रायावर आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार आणि खाली चार तक्रारी: आम्ही तुम्हाला ११ तास गप्प बसवलं, व्हिडिओ टाकणाऱ्याला नोटीस पाठवायला घाबरलो, पैसे घेऊनही गूगलच्या पहिल्या पानावर तीच बातमी दिसते, आणि लोकांच्या कमेंटना आम्ही एकच छापील उत्तर चिकटवत गेलो. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. शेवटची तक्रार तर शंभर टक्के खरी आहे. रविवारी सकाळी ३७ जणांना शब्दन् शब्द तेच उत्तर गेलं. ज्या बाईंनी तुमची बाजू घेतली होती, त्यांनाही ‘आपल्या नाराजीची आम्हाला जाणीव आहे’ असंच गेलं. ती चूक आमची.

खरं तर इथेच थांबायला हवं. बदनामीच्या वेळी लोकांनी काय बोलावं आणि काय बोलू नये हे सांगणं हाच आमचा धंदा आहे. वाईट अभिप्रायाला चार ओळींत उत्तर द्यावं, हुज्जत घालू नये, हे आम्ही रोज कुणाला ना कुणाला सांगतो. माझ्या सहकारी मुलीने तशा चार ओळी लिहूनही दिल्या होत्या. चांगल्या होत्या. पण या आठवड्यात दोन नव्या लोकांनी चौकशी केली आणि दोघांचाही पहिला प्रश्न होता, ‘ते ११ तासांचं काय झालं होतं?’ त्यातल्या एकांनी नंतर फोन उचलणं बंद केलंय. चार माणसांचं ऑफिस आहे सर. दुसऱ्याचं नाव सांभाळणाऱ्यांचंच नाव गेलं, तर आमच्याकडे कोण येणार? म्हणून लिहिते.

घटना तुम्ही स्वतःच सविस्तर लिहिली आहे. तुमच्या व्यवस्थापकाने ग्राहकाला शिवीगाळ केली, त्याचा व्हिडिओ फिरला. तेवढ्यापुरतंच बोलते. बाकी फोनवर जे झालं ते आपल्यातच राहील.

व्हिडिओ शनिवारी दुपारी अडीचला पडला. तुमचा पहिला फोन मला आला रात्री ८ वाजून १० मिनिटांनी. अशा रात्री आम्ही एक वही उघडून बसतो, कोण कधी काय म्हणालं ते मिनिटासकट लिहितो, म्हणून हे ठामपणे सांगू शकते. म्हणजे व्हिडिओ पडल्यापासून निवेदन जाईपर्यंतच्या तुमच्या ११ तासांपैकी ५ तास ४० मिनिटं आम्हाला या प्रकरणाचा पत्ताच नव्हता. ८ वाजून ३२ मिनिटांनी मी दोन ओळींचं तात्पुरतं निवेदन सुचवलं: ‘व्हिडिओ आम्ही पाहिला आहे. माहिती घेत आहोत, आज रात्रीच बोलू.’ त्यावर ‘भाऊ येऊ दे, मग ठरवू’ असं उत्तर आलं. वहीत तसंच लिहिलेलं आहे.

पूर्ण मसुदा तुमच्याकडे ९ वाजून २५ मिनिटांनी पोहोचला. ‘सात ओळींना सव्वा तास’ असा टोमणा तुम्ही मारलाय. सव्वा तास जास्त आहे, मान्य. पण आधी आम्हाला सांगण्यात आलं होतं की व्हिडिओ अर्धवट कापलेला आहे. तसं असेल तर ते निवेदनात यायला हवं, आणि नसेल तर चुकूनही येता कामा नये. म्हणून तुमच्या कॅमेऱ्याचं पूर्ण चित्रीकरण मागवलं आणि बघितलं. कापलेला नव्हता. (हे इथे लिहायला नको होतं. पण सात ओळींचा विषय तुम्हीच काढलात.)

९ वाजून २५ मिनिटांपासून १ वाजून २० मिनिटांपर्यंत, म्हणजे ३ तास ५५ मिनिटं, तो मसुदा तुमच्याकडे होता. आमची पहिली ओळ होती: ‘आमच्या माणसाने ग्राहकाशी केलेलं वर्तन चुकीचं होतं. त्याबद्दल आम्ही त्यांची माफी मागतो.’ परत आली ती अशी: ‘सदर घटनेमुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो.’ मी ‘असल्यास’ काढून पाठवलं, तुम्ही घालून पाठवलंत. असं चार वेळा झालं. तिसऱ्या वेळी तर बाकी सगळं मान्य होतं, फक्त तो एक शब्द लाल अक्षरांत परत आला होता. सर, माणूस शिव्या खाताना अख्ख्या जगाने पाहिलाय. त्याच्यापुढे ‘असल्यास’ कसं चालेल? ‘माफी’ म्हटलं की उद्या कोर्टात अंगाशी येईल, ही वकिलांची भीती मला कळते. पण त्या रात्री निकाल लोक देत होते, कोर्ट नव्हे.

शब्दाने काय होतं हे मी मनाने सांगत नाही. ९ एप्रिल २०१७ ला युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला फरफटत बाहेर काढलं. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या प्रमुखांचं निवेदन आलं, म्हणजे उशीर काही फार नव्हता. पण त्यांनी माफी मागितली ती प्रवाशांची ‘दुसरीकडे सोय करावी लागली’ याची! आणि कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्या प्रवाशालाच भांडखोर ठरवलं. ते पत्रही बाहेर आलं. ११ तारखेला शेवटी सरळ माफी मागावीच लागली, तोवर भरपूर शोभा झाली होती. वेळेचं महत्त्व मला कळत नाही असं नाही. २००९ मध्ये डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांचा किळसवाणा व्हिडिओ आला तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांचं जाहीर उत्तर यायला दोनेक दिवस लागले आणि तेवढ्यात तो १० लाखांच्या आसपास वेळा पाहिला गेला. म्हणूनच तर ८ वाजून ३२ मिनिटांच्या त्या दोन ओळींबद्दल मला अजून चुटपुट लागते.

आता ‘तोंड बंद ठेवायला लावलं’ याबद्दल. आम्ही म्हटलं होतं की निवेदन जाईपर्यंत कुणीही आपल्या खासगी अकाउंटवरून काही लिहू नये. ११ वाजून ५० मिनिटांनी तुमच्या अकाउंटवरून कमेंट पडली, ‘आम्हालाही घरदार आहे, आमचा कोण विचार करणार?’ तुम्ही ती नंतर काढलीत, पण तिचे स्क्रीनशॉट आजही फिरतायत, म्हणून उल्लेख करते. तुमचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण वेळ बघा. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपी या तेल कंपनीच्या विहिरीवर ११ कामगारांचा जीव गेला, समुद्रात तेल पसरत होतं, आणि कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड म्हणाले की मलाही माझं आयुष्य परत हवंय. पुढे त्यांनी माफी मागितली, पण लोकांच्या लक्षात तेच वाक्य राहिलं. तुमच्या कमेंटनंतर मसुद्यात आणखी एक ओळ घालावी लागली. निवेदन दीडला गेलं. मंजुरी मिळाल्यापासून बरोबर १० मिनिटांत.

म्हणजे ११ तासांतले आमचे किती? १ तास २५ मिनिटं. त्यात चूक काढा, मी ऐकून घेईन.

नोटिशीचं थोडक्यात. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी २००३ मध्ये आपल्या घराचा फोटो संकेतस्थळावरून काढायला लावण्यासाठी दावा लावला. किनाऱ्याच्या १२ हजार फोटोंमधला तो एक. दाव्याआधी तो सहा वेळा उतरवला गेला होता, त्यातले दोन वेळा त्यांच्याच वकिलांनी. बातमी झाल्यावर महिन्याभरात सव्वाचार लाखांच्या आसपास लोक त्या संकेतस्थळावर जाऊन आले. दावा फेटाळला गेला आणि समोरच्याचा वकिलाचा खर्चही त्यांच्या गळ्यात पडला. आमचा नकार भीतीपोटी नव्हता.

गूगलचं म्हणाल तर पुसून टाकतो असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं, करारातही नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये शोधनिकालातून नाव काढण्याचा हक्क दिला तोही माणसांना, कंपन्यांना नाही, आणि मूळ बातमी जागेवर राहतेच. नवं, खरं काम वर येत गेलं की जुनं खाली सरकतं, त्याला महिने लागतात. आणि हो, पाच स्टारचे अभिप्राय आम्ही लिहून देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. हे मी कुणाला उद्देशून म्हणत नाहीये.

एक गोष्ट मात्र मला आतून खटकलीय, आणि ती तुम्ही लिहिलेलीही नाही. आमचं बिल तिसऱ्याच दिवशी तुमच्या मेलवर आलं. ते यंत्रणेतून आपोआप जातं, पण तुमच्या घरी त्या दिवशी काय चाललं होतं हे मला माहीत होतं. थांबवायला हवं होतं. यापुढे बिलाचं आणि कमेंटच्या उत्तरांचं काहीतरी वेगळं करणार आहोत, सगळं माणसानेच बघायचं असं ठरतंय, शनिवार-रविवारचंही बोलणं चालू आहे.

वहीची पानं हवी असतील तर तुम्हाला पाठवते, फक्त तुम्हाला. बिलाबद्दल सोमवारी फोन करीन, उचललात तर बरं वाटेल. स्टार एकच राहू दे, माझी हरकत नाही. तो ११ चा आकडा तेवढा दुरुस्त करा.