चौदा माणसांची हवा

इचलकरंजीहून मामेभावाचा फोन आला. आवाज खूप दिवसांनी मोकळा वाटला. त्याच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये 14 माणसं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायची केंद्राच्या कायद्यातली मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर गेली. 10 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला संहिता लागू आहेच, पण कारखान्याची वेगळी कलमं त्याच्या शेडला लागत नाहीत. "ताई, आता तपासणीचा साहेब पाकिटाला यायचा नाही बघ!" त्याचा राग खरा आहे, मामांना पाकिटं देताना मी लहानपणी पाहिलंय. तरी मला त्याच्याबरोबर आनंद मानता येईना.

मी लीड्सला राहते. इथल्या लेलँड्स वस्तीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू शिंपी लहानशा खोल्यांत दाटीवाटीने कोट शिवत. 1901 च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने असली वर्कशॉपंही सोडली नाहीत. माणसं मोजायची ती सूट द्यायला नव्हे, हवा पुरते का ते बघायला: माणशी 250 घनफूट, जादा कामाच्या वेळी 400. ते पाहणं नगरपालिकेच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरकडे, आणि तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला वर्कशॉपांवर दरवर्षी अहवाल लिहावा लागे. पाकिटावर उतारा मला हाच दिसतो. साहेब बंद करू नका, त्याने काय पाहिलं ते छापा.

भाऊ म्हणतो, साहेबाच्या तपासणीऐवजी ऑनलाइन फॉर्म आम्हीच भरून देऊ की. पण फॉर्ममध्ये आधीच सुचलेले प्रश्न असतात. लूसी डीन या महिला कारखाना निरीक्षकांनी 1898 च्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल लिहिलं, की सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेसारखे धारदार दिसतात. तेव्हा हे विचारणारा फॉर्म कुठे होता? ऐकलं कोणी नाही, हेही खरं. ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी यायला 1999 उजाडलं, आणि तोवर लीड्सच्याच आर्मली भागात कारखान्याच्या धुळीने शेजारच्या घरांतली माणसंसुद्धा दगावली.

इंग्लंडमधल्या 1903 च्या सरकारी आदेशात 25 बायकांमागे एक संडास ठरवला होता. ते आठवून मी भावाला विचारलं, "तुझ्याकडे कांडीवर सूत भरणाऱ्या बायका जातात कुठे?"

"शेजारच्या शेडमध्ये. पण दुपारी तो कुलूप लावून जातो."