आमच्या दारावरून गाडी

डोंबिवली आणि कल्याणच्या मधे ठाकुर्ली नावाचं स्टेशन आहे. आहे म्हणजे स्लो लोकलपुरतं आहे. फास्टवाल्यांच्या लेखी तो खिडकीतून दिसणारा एक पिवळा फलक.

१८५४ साली ठाण्याची रेल्वे कल्याणपर्यंत आली, तेव्हापासून गाड्या आमच्या दारावरून जातायत. ते एकवेळ सोडा. पण गाड्या विजेवर आल्या तेव्हा जीआयपी रेल्वेनं कोळशावरचं वीजघर बांधलं कुठं? इथं, चोळ्याला! कित्येक वर्षं त्या विजेवर गाड्या पळाल्या. वीज आमची, धूर आमचा, राख आमच्या वाळवणावर, आणि थांबायचं मात्र डोंबिवलीला. आता वीजघर बंद पडून जमाना झाला. गाड्यांना अजून शरम नाही.

परवा सीएसएमटीला खिडकी मिळाली. त्या आनंदात इंडिकेटर वाचायचा राहिला आणि डोळा लागला तो थेट डोंबिवलीला उघडला. गाडी सुटल्यावर सवयीनं डब्याची पिशवी छातीशी धरून दारात गेलो.

"काका, कुठं उतरणार?"

"ठाकुर्ली."

त्या पोरानं कानातला एक इअरफोन काढला. "ही फास्ट आहे, काका." रिपोर्ट बघून डॉक्टर ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

आमची इमारत रुळांना लागूनच. तिसऱ्या मजल्यावर ही दोरीवरचा माझा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा काढत होती. मी पिशवीसकट हात हलवला. तिनं लेंगा हलवला. पत्रीपुलाखालून जाताना फोन वाजला.

"अहो, आत्ता गेलात ते तुम्हीच ना?"

"हो."

"मग येताना कल्याणहून आलं आणा."

आलं आणायला स्टेशनबाहेर पडावं लागतं. माझा पास ठाकुर्लीपर्यंतचा. म्हणजे वीस वर्षं इमानेइतबारे पास काढणारा मी कल्याणला पाऊल टेकताक्षणी विनातिकीट! अडीचशे रुपये दंड, वर भाडं. त्यात जिन्याच्या तोंडाशी काळा कोट उभा. बिचारा चहात बिस्किट बुडवत होता, त्याचं सगळं लक्ष ते तुटणार की नाही याकडे. पण मला धीर धरवेना. समोर लागलेल्या गाडीत शिरलो. ती सुटली आणि डब्यातल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पुढील स्टेशन, डोंबिवली."

घर दुसऱ्यांदा समोरून गेलं. या खेपेला गॅलरीत कोणी नव्हतं. लेंगाही नव्हता.

डोंबिवलीला पास चालतो. तिथं मी छाती काढून बाहेर पडलो, पावशेर आलं घेतलं, परत येऊन इंडिकेटर तीनदा वाचला, शेजारच्या दोघांना विचारून खात्री केली आणि एकदाचा स्लो गाडीनं घरी पोचलो.

हिनं आलं हातात घेतलं, एक कोंब मोडून वास घेतला, भाव विचारला.

"कल्याणला स्वस्त मिळालं असतं," ती म्हणाली. "गेलाच होतात तर."