कोरियन हॉटेलाबद्दलची खोटी भीती आणि शाकाहारी माणसाचा खरा प्रश्न

पुण्यात कोरियन हॉटेलात पहिल्यांदा जेवायला जायचा विषय निघाला की कुणीतरी एक मजकूर पुढे ढकलतंच. त्याचा सारांश असा: तिथे कुत्र्याचं मांस असतं, शाकाहारी माणसाला कोरड्या भाताशिवाय काही मिळत नाही, किमची म्हणजे सडवलेला कोबी, बाकी सगळं एक तर जहाल तिखट, नाही तर कच्चं, आणि न मागता वाट्या मांडून प्रत्येक वाटीचे पैसे लावतात.

मी शाकाहारी आहे आणि अलीकडेच अशा हॉटेलात पहिल्यांदा दुपारचं जेवून आले. या मजकुरात खोटं बरंच आहे, त्याचा राग आहेच. जास्त राग याचा, की शाकाहारी माणसाने तिथे जो प्रश्न विचारलाच पाहिजे, तो यात कुठेच नाही.

आधी कुत्र्याचं मांस. दक्षिण कोरियात ते खाल्लं जात असे, हे खरं. पण ते नेहमीच्या खाणावळीत नव्हे, त्यासाठीच्या वेगळ्या हॉटेलांत मिळे, आणि आज बहुसंख्य कोरियन माणसं ते खात नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या संसदेने मांसासाठी कुत्री पाळणं, मारणं आणि विकणं यांवर बंदी घालणारा कायदा केला. विरोधात एकही मत पडलं नाही. धंदा गुंडाळायला तीन वर्षांची मुदत आहे, शिक्षा २०२७ पासून लागू होतील. पुण्यातल्या हॉटेलाशी याचा काय संबंध? रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाईचा. अशा कंपन्यांच्या कामासाठी आलेली कोरियन कुटुंबं इथे राहतात, आपल्या शेजारी असतात. कसलाही पुरावा नसताना त्यांच्या ताटाबद्दल असं लिहिणं म्हणजे शेजाऱ्याची बदनामी आहे. ईशान्य भारतातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांनाही हेच ऐकावं लागतं. निदान जाणत्या माणसांनी तरी हा मजकूर पुढे पाठवू नये.

'शाकाहारी माणसाला काही मिळत नाही' हे निम्मं खरं आहे, म्हणून ते नीट सोडवून बघायला हवं. बिबिमबाप घ्या. गरम भातावर पालक, गाजर, मोड आलेलं सोयाबीन, मशरूम अशा भाज्या मांडलेल्या असतात. भाज्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या किंवा किंचित परतलेल्या, वर तिळाचं तेल. सोबत गोचुजांग, म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांची गोडसर तिखट लगदी. मांस आणि अंडं घालू नका म्हटलं की हा पदार्थ मोडत नाही, पोट भरतं आणि चवही राहते. रताळ्याच्या स्टार्चच्या शेवयांचा जापचे मांसाशिवाय करता येतो. तोफू तर जागोजागी असतो.

पण मांस नको एवढंच सांगून भागत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. बहुतेक किमचीत माशांचा सॉस किंवा खारवलेला जवळा असतो. कोरियन आमट्यांचं आणि रश्श्यांचं पाणी पुष्कळदा सुक्या अँकोव्हीचं असतं, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी. सोयाबीनची आमटी दिसायला निव्वळ शाकाहारी, तळाशी मात्र मासळीचं पाणी. तोकबोक्कीत तांदळाच्या कांड्यांबरोबर माशाच्या वड्या सर्रास असतात. म्हणून विचारायचं ते असं: किमचीत माशांचा सॉस आहे का? रस्सा मासळीच्या पाण्यात केलाय की समुद्री शेवाळाच्या? मी विचारलं तेव्हा वाढणाऱ्या मुलीने आत जाऊन खात्री केली, किमचीची वाटी उचलून नेली आणि तिच्याऐवजी काकडी आणली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्यांना मांस शिजतं त्या स्वयंपाकघरातलंच चालत नाही, त्यांनी जाऊ नये. तो त्यांचा आचार आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण कोरियन माणसाला शाकाहार कळतच नाही, असं कुणी म्हणू नये. तिथल्या बौद्ध मठांमध्ये शेकडो वर्षं मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही वर्ज्य आहे.

आता तो 'सडवलेला कोबी'. लांबट चिनी कोबी काही तास मिठात ठेवतात, धुतात, मग पानापानाला मिरचीची भरड पूड, लसूण, आलं आणि मुळा लावून आंबू देतात. मिठामुळे नासवणारे जिवाणू मागे पडतात, लॅक्टिक आम्ल तयार करणारे वाढतात आणि त्या आंबटपणामुळेच कोबी टिकतो. सडण्याच्या नेमकी उलट क्रिया. हिवाळ्याच्या तोंडावर शेजारीपाजारी जमून हिवाळाभराची किमची घालायच्या प्रथेला युनेस्कोने २०१३ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. वास उग्र असतो आणि तो सगळ्यांना आवडेलच असं नाही. मीठही भरपूर, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावी.

तिखटाचं म्हणाल तर मिरची कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली असं मानतात. त्याआधीची किमची बिनमिरचीचीच होती आणि पांढरी किमची आजही करतात. जापचे तिखट नसतो. मांसाहारी मंडळींसाठी सामग्येतांग, म्हणजे चिकट तांदूळ भरून जिनसेंग या औषधी मुळीबरोबर उकळलेली अख्खी कोवळी कोंबडी, अगदी सौम्य असते. कोल्हापुरी रस्सा जिरवणाऱ्यांनी कोरियन तिखटाला भ्यावं, हे मला पटत नाही. कच्ची मासळी आणि कच्चं मांस कोरियन जेवणात आहे, पण ते नावाने मागवायचे वेगळे पदार्थ आहेत. नकळत पानात येत नाहीत. गिमबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्या, त्यातला भातही शिजवलेला असतो.

राहिल्या न मागता येणाऱ्या वाट्या. त्यांना बानचान म्हणतात आणि जेवणात त्यांचं स्थान ताटाच्या डाव्या बाजूचं आहे. रीतीप्रमाणे त्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपल्या की पुन्हा मागता येतात. खरा खर्च वाढतो तो टेबलावर मांस भाजून खायच्या प्रकाराने, कारण तो बहुधा निदान दोघांचा मागवावा लागतो. एकटं जाणाऱ्याने दुपारी बिबिमबाप मागवावा. त्याला चॉपस्टिक्सही लागत नाहीत. कोरियात भात चमच्यानेच खातात, आणि गोचुजांग घालून सगळं तळापासून कालवायचं असतं. ती आधी थोडीच घाला, लागली तर वाढवता येते.